मानोचे टाके

मांजर आपले दुखणे लपवते. कुत्र्याला काही झाले की तो केकाटतो, लंगडत आपल्या पायाशी येतो. बैल वैरणीला तोंड लावत नाही. मांजर मात्र घरातला सर्वांत अंधारा कोपरा शोधते आणि डोळे अर्धवट मिटून तेथे गप्प बसते. रानात राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांना ही सवय उपयोगी पडत असावी, कारण दुबळा प्राणी शत्रूच्या नजरेत लवकर भरतो. घरात मात्र याच सवयीमुळे मांजराचा आजार उशिरा कळतो.

मुलांनो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. उर्दूत 'बिल्ली' स्त्रीलिंगी आहे. मराठीत ते मांजर, तो बोका आणि ती भाटी. आमची मानो ही भाटी. अंग पांढरे, शेपटी काळी आणि स्वभाव थोडा तापट.

सन २०२३ चा एप्रिल महिना होता. रमजान चालू होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो आणि पत्र्याखाली बसवत नाही. शाळा सकाळची असे. दुपारी घरी येऊन मी परीक्षेचे पेपर तपासत बसे. त्या दिवसांत मानो माठामागच्या ओल्या जागेत पडून राहू लागली. खाणे सोडले, पाणी मात्र सारखे पिऊ लागली. घरात जो तो म्हणे, "ऊन फार आहे, दुसरे काय!" अब्बांना ते पटले नाही. अब्बांचे सारे आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेले. सूत तुटण्याआधी त्यांना ते कळते, असे त्यांचे सोबती म्हणत. त्यांनी मानोच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "उन्हाने तहान लागते बेटा, पोट फुगत नाही."

आम्ही तिला वेताच्या टोपलीत घालून रिक्षाने प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे आमच्या आधी एक शेळी आणि पाय मोडलेला एक कोंबडा होता. डॉक्टरांनी मानोचा ताप पाहिला. तो १०४ अंश होता. मांजराचा ताप साधारणपणे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतो, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. म्हणून मांजर हाताला नेहमी ऊबदार लागते आणि नुसत्या स्पर्शाने ताप ओळखता येत नाही. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हिच्या गर्भाशयात पू झाला आहे. शस्त्रक्रिया करून ते काढावे लागेल. आज नाही केली तर ही ईद पाहणार नाही."

खर्च काही हजारांचा होता. ईदच्या कपड्यांसाठी ठेवलेले पैसे कपाटात होते. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने माझ्याकडे पाहिले, मग टोपलीकडे. "अम्मी, माझा मागच्या वर्षीचा कुर्ता मला अजून येतो," तो म्हणाला. तो कुर्ता त्याला येत नव्हता, हे मला माहीत होते. मी होकार दिला.

शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बाकावर बसून भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचण्याशिवाय दुसरे काम नव्हते. डॉक्टर मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले होते. ते महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. पेटिट नावाच्या पारशी कुटुंबाच्या देणगीतून उभे राहिलेले जनावरांचे रुग्णालय त्याच्याही थोडे आधीचे आहे. त्या काळी गाड्या ओढणारे घोडे आणि बैल यांच्यासाठी ही सोय झाली. मांजराला कोण दवाखान्यात आणणार? आजही पुष्कळ लोक हसतात. रिक्षावाला हसलाच होता. परतताना मात्र त्याने खड्डे चुकवत रिक्षा हळू चालवली.

मानो बाहेर आली तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण तिला काही दिसत नव्हते. भूल दिलेल्या मांजराचे डोळे मिटत नाहीत. पोटावरचे केस काढले होते आणि गुलाबी कातडीवर काळ्या दोऱ्याचे नऊ टाके ओळीने बसले होते. प्रत्येक गाठीची दोन टोके मिशांसारखी वर आली होती. घरी आल्यावर अब्बांनी चष्मा लावून ते टाके बराच वेळ पाहिले. "गाठ चांगली मारली आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी क्वचितच ऐकली आहे.

'टाका' हा शब्द उर्दूतही आहे, 'टाँका'. टाके घालण्याची विद्याही जुनी आहे. सुश्रुताच्या ग्रंथात जखम शिवण्याच्या रीती दिल्या आहेत. आतडे फाटले तर त्याच्या कडा मोठ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्यात आणि मग मुंगीचे धड तोडून डोके तेथेच राहू द्यावे, असेही त्यात आहे. कुर्तुबाजवळ इ. स. ९३६ च्या सुमारास जन्मलेल्या अबुल कासिम अज़्-ज़हरावी यांनी 'अत्-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे आहेत. जनावराच्या आतड्यापासून केलेला, शरीरात आपोआप विरघळणारा दोरा ते आतल्या टाक्यांसाठी वापरत. अशा दोऱ्याला इंग्रजीत 'कॅटगट' म्हणतात. नाव ऐकून माझा मुलगा घाबरला. पण त्या दोऱ्याचा मांजराशी काही संबंध नाही. तो मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा असतो. आता बहुतेक ठिकाणी कारखान्यात तयार केलेला दोराच वापरतात.

पहिल्या रात्री डॉक्टरांनी खायला काही देऊ नका असे सांगितले होते. भूल पुरती उतरली नसेल तर घास श्वासनळीत जाण्याची भीती असते. मानो उठे, दोन पावले टाके आणि दारू प्यायलेल्या माणसासारखी कलंडे. म्हणून तिला पलंगावर न ठेवता जिन्याखालच्या लहान खोलीत, जमिनीवर, जुन्या चादरीवर ठेवले. उडी मारता येईल असे काहीही तेथे ठेवले नाही. ट्रंक बाहेर काढली, ट्रंकेवरच्या गाद्या काढल्या. मांजराला उंच जागा दिसली की ते उडी मारणारच, आणि उडी मारताना सर्व ताण पोटावर येतो. तिच्या शौचासाठी वाळू ठेवायची नव्हती, कारण वाळूचे कण जखमेला चिकटतात. वर्तमानपत्राचे तुकडे चालतील असे डॉक्टर म्हणाले होते. पण आमच्या घरी उर्दू वर्तमानपत्र येते, आणि त्यात अल्लाहचे नाव कुठेतरी असणारच. अम्मींनी ते देऊ दिले नाही. शेवटी मुलगा गल्लीतल्या छापखान्यातून कोऱ्या कागदाची कातरण पिशवी भरून घेऊन आला.

औषध दर बारा तासांनी द्यायचे होते. रमजानमुळे ते सोपे झाले. पहाटे पाचला सहरी आटोपून एकदा आणि संध्याकाळी पाचला, इफ्तारीची धांदल सुरू होण्याआधी, दुसऱ्यांदा. औषध पातळ होते. सुई काढलेल्या पिचकारीने ते गालाच्या बाजूने, थोडे थोडे सोडायचे. मानो पंजे मारी. म्हणून तिला टॉवेलात गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवायचे, पण पोटावर दाब येऊ द्यायचा नाही. सोलापूरच्या घरात टॉवेलांना तोटा नाही. उचलायचे झाले तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. माझ्या मुलाला ती मुळीच उचलू नये अशी ताकीद होती. त्याने मग आपल्यासाठी दुसरे काम शोधले. वहीच्या पानावर रेघा मारून त्याने हजेरीपटासारखा तक्ता केला. खाणे, पाणी, लघवी, टाके. टाक्यांच्या रकान्यात तो रोज सकाळ-संध्याकाळ 'नऊ हजर' असे लिही.

तिसऱ्या दिवशी फूफी आल्या. फूफींना मांजरांची फार माया. हजरत अबू हुरैरा या नावाचा अर्थ त्या प्रत्येक मुलाला विचारतात. मानोला पाहून त्यांचे डोळे भरून आले. "किती कण्हते आहे! तापाची अर्धी गोळी दे ना बेटा, आपण घेतो तीच. आणि जखमेवर हळद-तेल लाव."

मोठ्यांना नाही म्हणणे कठीण असते. पण येथे 'हो' म्हणता येत नव्हते. आपण तापासाठी घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. ते औषध शरीरातून निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची आपल्या यकृताची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. अर्ध्या गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. जखमा धुण्याचे काही घरगुती जंतुनाशकही मांजराला असेच बाधते. शिवाय अंगाला जे लावाल ते मांजर चाटून पोटात घेणार. मी फूफींना हे सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण गोळी पदराच्या गाठीतच ठेवली. त्या उठून जाईपर्यंत मी त्या खोलीतून हलले नाही.

मानोच्या गळ्यात डॉक्टरांनी प्लास्टिकची मोठी गळपट्टी घातली होती. कर्ण्याच्या तोंडातून मांजर बाहेर पाहत आहे असे वाटे. ती दाराच्या चौकटीला अडके आणि मग उलटी उलटी चालत जाई. मुलाला हसू आवरत नसे, मलाही. पण या गळपट्टीचे कारण ऐका. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक आकडे असतात. आपली नखे ज्या द्रव्याची बनलेली आहेत त्याच द्रव्याचे ते आकडे असतात. अशी जीभ टाक्यावरून फिरली तर गाठ त्यात अडकते, ओढली जाते आणि सुटते. प्राण्याच्या लाळेने जखम बरी होते असे पुष्कळ लोक मानतात. त्या लाळेत जंतूही भरपूर असतात, हे ते विसरतात. अब्बांना मी जीभ दाखवली तर ते म्हणाले, "ही तर फणीच आहे! फणीसमोर गाठ टिकेल कशी?"

पाचव्या दिवशी पहाटे मुलाने आवाज दिला, "अम्मी, आठच हजर आहेत."

मी दिवा जवळ धरला. ओळीच्या खालच्या टोकाचा टाका तुटला होता. तेथे सूज होती, कातडी लाल होती आणि थोडे पाणी सुटले होते. मानो वाढलेली, लांब अंगाची. गळपट्टीच्या कडेवरून तिने मान वळवून तेवढे एक टोक गाठले होते. दवाखाना दहाला उघडणार होता. सहरीचा चहा तसाच निवला. त्या पाच तासांत मी तिच्याजवळ बसून एकही पेपर तपासू शकले नाही.

डॉक्टरांनी बोटाने हळूच चाचपून पाहिले. ते म्हणाले, "वरचा टाका गेला आहे. आतले शाबूत आहेत." तेव्हा कळले की पोट तीन थरांत शिवलेले असते. आधी स्नायूंची भिंत, मग कातडीखालचा थर आणि शेवटी कातडी. आपल्याला दिसतात ते फक्त सर्वांत वरचे टाके. आतली भिंत उसवली असती तर आतडी बाहेर येण्याचा धोका होता. थोडी सूज येतेच, ती घाबरण्याची नव्हे. पण वास, पू, रक्त किंवा फाकलेली कडा दिसली तर वाट पाहू नये. त्यांनी जखम स्वच्छ केली, नवा टाका घातला नाही, आणि विचारले, "घरात कोणाला शिवता येते का?"

अब्बांनी माझ्या मुलाच्या जुन्या सुती पायजम्याचा एक पाय कापला. त्याला पंजांसाठी चार भोके पाडली, शेपटीकडे मोकळी जागा ठेवली आणि पाठीवर नाड्या लावल्या. रोजा असताना भर दुपारी ते मशिनीवर बसले होते. पहिला अंगरखा आखूड झाला, दुसरा बरोबर बसला. मानो तो घालून दोन तास पुतळ्यासारखी उभी राहिली. मग आडवी पडली आणि झोपली. दोन्ही अंगरखे आलटून पालटून धुवायचे. ओला किंवा मळलेला कपडा जखमेवर ठेवायचा नाही. माश्या बसू नयेत म्हणून खोलीच्या दाराला मच्छरदाणीचा तुकडा लावला.

तरीही ती खात नव्हती. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो, म्हणून काळजी होती. अम्मींनी कोंबडीचे मांस नुसत्या पाण्यात शिजवले. मीठ नाही, मसाला नाही. कांदा-लसूण तर मांजराला अपायकारकच. ते कोमट करून, बारीक कुसकरून, गळपट्टी काढून, बशी तिच्या नाकाशी धरली. मांजराला चवीपेक्षा वास महत्त्वाचा, आणि थंड अन्नाला वास कमी येतो. सर्वांचे रोजे होते. इफ्तारीला अजून अर्धा तास होता. सारे घर त्या बशीभोवती बसून एका मांजराच्या तोंडाकडे पाहत होते. तिने एक तुकडा घेतला, थांबली, दुसरा घेतला. मुलाने तक्ता आणायला धाव घेतली.

२० एप्रिलला डॉक्टरांनी टाके काढले. आठ वेळा कात्री वाजली. कातडी जुळली होती, तरी तिचे बळ अजून फार थोडे असते असे ते म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात ते मूळच्या बळाच्या पाचव्या हिश्श्याइतके येते. कितीही काळ गेला तरी जुळलेली कातडी पूर्वीच्या ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणून आणखी आठ दिवस उड्या बंद. अब्बांनी एक काळा दोरा मागून घेतला, बोटांत पिळून पाहिला आणि म्हणाले, "नायलॉन."

२२ एप्रिलला ईद होती. माझ्या मुलाने मागच्या वर्षीचाच कुर्ता घातला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर होत्या, पण त्याने त्या दुमडून घेतल्या. पाहुणे शीर खुर्मा घेत होते. फूफी जिन्याखालच्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मानोचा अंगरखा आणि गळपट्टी दोन्ही काढली होती. ती चादरीच्या मधोमध बसून आपले उघडे पोट चाटत होती. दुपारच्या नमाजपर्यंत तिचे ते काम संपले नव्हते.