पाभरीचे रेखाचित्र

अमेरिकेतील लाँग आयलंड येथे जन्मलेला विल्यम सिडनी माउंट (१८०७–१८६८) हा चित्रकार शेतकऱ्यांच्या अंगणातच रमला. १८३५ साली त्याने घोड्याचा सौदा करणारे दोन शेतकरी रंगविले. दोघेही चाकूने काडी तासत उभे आहेत. आधी भाव कोणी बोलावा, हा पेच व्यापारी घरातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे १८७८ मध्ये विन्स्लो होमर न्यूयॉर्क राज्यातील एका शेतमळ्यावर राहिला व तेथील साधे जीवन त्याने रेखाटले.

त्याच दशकात पारनेर तालुकाही कागदावर आला, पण निराळ्या कारणाने. १८७५ च्या दंग्यांत येथे सावकारांचे रोखे जाळले गेले. त्या सावकारांत मारवाडी व गुजराती घराणी पुष्कळ होती, हे झाकण्याचे कारण नाही. पाठोपाठ चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये शेतीच्या औतांची वर्णनेही आली. चित्रकार मात्र कोणी आला नाही. सावकाराच्या वहीत बैलजोडीची किंमत सापडेल. जोखडाचा आकार सापडणार नाही.

आता पाभरच पाहावी. वर लाकडी चाडे, त्याच्या भोकांतून खाली उतरणाऱ्या पोकळ नळ्या, नळ्यांच्या टोकाशी जमीन उकरणारे फण. चाड्यावर मूठ धरणाऱ्या हाताने दाणे सारखे सोडले, तरच ओळी सारख्या उगवत. अवर्षणाच्या या मुलखात मूठ चुकली तर वर्ष चुके, आणि शेतकऱ्याचे वर्ष चुकले की दुकानाची उधारीही थकत असे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० ने शेतकऱ्याची औते आणि त्याच्या उपजीविकेस आवश्यक तेवढे बैल व बियाणे जप्तीतून वगळले, त्यामागील हिशेब हाच असावा. कायद्याला जे कळले ते घरच्यांना कळत नाही. ट्रॅक्टर आल्यावर पाभरीचे लाकूड चुलीत जाते आणि लोखंड भंगारात.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवून संग्रहालय उभे केले व १९७५ मध्ये ते शासनाला दिले. एवढा व्याप प्रत्येकाला झेपणार नाही. रेखाटनाला मात्र पेन्सिल आणि जुन्या वहीचे कोरे पान पुरते. पारनेरच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर अजून चाडे किंवा पायली पडली असेल, तर घरातल्या शाळकरी मुलाला ती समोर ठेवून काढायला बसवावे. शेजारी लांबी-रुंदी, लाकडाची जात आणि आजोबांना आठवत असेल तर घडविणाऱ्या सुताराचे नाव.