खाडीतल्या जुव्यावरचा एक रविवार

लोट्याहून चिपळूणला जाताना परशुराम घाटात विसावा पॉइंट लागतो. तिथून खाली वाशिष्ठीची खाडी दिसते. वळणं घेत गेलेलं पाणी, मधेच हिरवंगार बेट, त्यावर माडाची झाडं. १९९० साली मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि २०२२ साली ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो. बत्तीस वर्षं एस.टी.च्या खिडकीतून ते बेट पाहिलं, पण तिथं पाय ठेवावा असं कधी मनात आलं नाही.

नातवामुळे तो योग आला. टीव्हीवर त्याने मालदीवची निळ्या पाण्यातली बेटं पाहिली आणि हट्ट धरला, "आबा, मला बेटावर जायचंय." आता मालदीव आपल्या खिशाला कुठलं परवडायचं! आमची मंडळी म्हणाली, "अहो, घाटातून दिसतं ते बेटच आहे ना? तिकडे न्या की पोराला."

डिसेंबरातल्या एका रविवारी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून आम्ही गोवळकोटच्या धक्क्यावर गेलो. होडीवाले माझ्याच वयाचे, भोई समाजातले. खाडीतल्या बेटाला आपल्याकडे जुवा म्हणतात. नदीने आणलेला गाळ भरती-ओहोटीच्या पाण्यात साचत जातो आणि त्याचा जुवा होतो, हे त्यांनीच नातवाला समजावलं. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत येतं, म्हणून उन्हाळ्यातही नदी आटत नाही, हेही सांगितलं. वाटेत चिखलावर एक मगर ऊन खात पडली होती. नातू जो माझ्या मांडीवर चढला तो उतरेचना.

जुव्यावर चार-पाच घरं, माड, भाताची खाचरं आणि भोवती मातीचा बांध. बांधात एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं खारं पाणीच ते दार दाबून बंद करतं. माणसाला हात लावावा लागत नाही. नातू तिथून हलायला तयार नव्हता.

एका घरातल्या मावशींनी आम्हाला बोलावून पाणी दिलं. पिण्याचं पाणी होडीने आणतात, म्हणून मी अर्धाच तांब्या प्यालो. त्यांनी विचारलं, "कुठले भाऊ तुम्ही?"

"लोट्याचे."

"कंपनीत होतात?"

"हो."

मावशी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी एका ओहोटीला टोपलीभर कालवं निघायची. आता चार खेपा घातल्या तरी कालवणापुरती मिळत नाहीत. पावसात कधी मासे पोट वर करून तरंगत येतात. ते विकवत नाहीत नि खाववतही नाहीत."

आवाजात राग नव्हता. जेवताना त्यांनी आपल्या घरातलं बोयीचं कालवण आमच्या ताटात वाढलं. मला घास गिळवेना.

वाचकहो, इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. पावसाळ्यातली रात्रपाळी होती. टाकी भरत आली होती. साहेब म्हणाले, "पाऊस आहे, कोणाला कळायचं नाही. सोड." मी वाल्व उघडला. एकदा नाही, त्या पावसाळ्यात तीनदा. नियमाने सांडपाणी प्रक्रिया करून नळाने खाडीत सोडायचं असतं. आमचं तसंच नाल्याला गेलं. समुद्र मोठा आहे, वाहून जाईल, अशी मी मनाची समजूत घातली. पण होडीवाल्यांनी त्या दिवशी दाखवलं, ओहोटीला खाली गेलेलं पाणी भरती पुन्हा वर आणते. खाडीतलं पाणी एका दिवसात समुद्राला मिळत नाही. ते येत-जात राहतं.

विहारात सम्यक आजीविकेवर प्रवचन अनेकदा ऐकलं आहे. उपासकाने पाच व्यापार करू नयेत, असं भगवंतांनी सांगितलं : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. ऐकताना मला गुत्तेवालेच आठवायचे. पाचवा शब्द माझ्यासाठी आहे, असं कधी वाटलं नाही. मी तर कामगार, व्यापारी थोडाच?

चार वाजायच्या आत निघालो, नाहीतर होडी चिखलात बसली असती. निघताना मावशींनी नातवाच्या हातात एक नारळ दिला.

माझा मुलगा आज दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. त्या रात्री त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हटलं, "तुझ्या शाळेची फी होती."

"आता मला माझ्या पोराची आहे," तो म्हणाला.

यावर मी काय बोलणार? एकट्याने तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात, हे मलाही ठाऊक आहे. पण दहा जणांनी मिळून सांगितलं, "आम्ही वाल्व उघडणार नाही," तर दहांना एकदम काढणं सोपं नसतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय चिपळूणलाच आहे. तिथे दहा सह्यांचा अर्ज जाऊ शकतो. मुलाने अजून होकार दिलेला नाही. नाहीही म्हणालेला नाही. आपल्या वस्तीतल्या पोरांशी बोलतो, एवढं म्हणाला आहे.

नातू विचारतो, "आबा, पुन्हा बेटावर कधी?" मलाही जायचंच आहे. त्या दिवशी मावशींनी पाणी दिलं, जेवण दिलं, आणि मी वाल्वची गोष्ट त्यांना न सांगताच परत आलो.