उंबरठ्यावरचे गाव

इंदूरहून निघताना अमेरिकेत पाहावयाच्या स्थळांची जी यादी आम्ही उभयतांनी केली होती, तीत टेर होटचे नाव नव्हते. असण्याचे काही कारणही नव्हते. कन्या आणि जावई नोकरीनिमित्त तेथे राहतात, एवढ्याच नात्याने २०२४ च्या मार्चमध्ये आमचा मुक्काम त्या गावी पडला. इंडियानापोलिसच्या विमानतळावरून पश्चिमेकडे सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंस मक्याची कापणी झालेली उघडी शेते, पानगळीतून अजून न सावरलेली झाडे आणि वर करडे आभाळ. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या माळव्यातली जमीन इतकी उदास कधी दिसत नाही." आम्ही होकार दिला.

गावाचे नाव फ्रेंच आहे. अर्थ 'उंच भूमी'. वॉबॅश नदीच्या काठची ही उंचवट्याची जागा. वस्ती साठ हजारांच्या आतबाहेर. परंतु लहान गावाच्या पोटात मोठ्या गोष्टी दडलेल्या असतात, हा आपला नेहमीचाच अनुभव. कोका-कोलाची ती जगप्रसिद्ध, कमरेत निमुळती बाटली १९१५ साली येथल्याच एका काचकारखान्यात आकाराला आली. कामगार पुढारी यूजीन डेब्ज येथलाच. त्याचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. कादंबरीकार थिओडोर ड्रायझरचा जन्मही येथलाच. सातवा रस्ता आणि वॉबॅश मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकाला हे लोक अभिमानाने 'अमेरिकेचा चव्हाटा' म्हणतात.

पण त्या आठवड्यात गावाला यांपैकी कशाचेही भान नव्हते. दुकानांच्या काचांवर, घरांच्या ओसऱ्यांवर निळी-पांढरी निशाणे लागली होती. येथील इंडियाना स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने त्या हंगामात अठ्ठावीस सामने जिंकले होते आणि अवघे सहा गमावले होते. येत्या रविवारी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील संघांची नावे जाहीर व्हावयाची होती. विद्यापीठाच्या क्रीडागृहाबाहेर लॅरी बर्ड या खेळाडूचा भव्य ब्राँझचा पुतळा आहे. १९७९ साली त्याच्या संघाने एकही सामना न हरता अंतिम फेरी गाठली आणि तेथे मात्र मिशिगन स्टेटकडून ७५–६४ अशी हार पत्करली. त्या आठवणीवर हे गाव पंचेचाळीस वर्षे जगत आले होते.

शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांनी आम्हांस रविवारी सायंकाळी आपल्या घरी दूरदर्शनवर यादी पाहण्यास बोलावले. तेव्हा सौभाग्यवतींनी सरळ प्रश्न केला, "अठ्ठावीस सामने जिंकले ना? मग आता ठरवायचे काय राहिले?" वृद्ध गृहस्थ हसले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

वाचकांसही हा प्रश्न पडला असेल, म्हणून त्यांनी सांगितलेले थोडक्यात देतो. वरच्या श्रेणीत खेळणारी महाविद्यालये साडेतीनशेंहून अधिक. राष्ट्रीय स्पर्धेत त्या वर्षी जागा अडुसष्ट. आत जाण्यास दारे दोन. पहिले दार गटविजेत्यांचे. ही महाविद्यालये निरनिराळ्या गटांत विभागलेली असतात. त्या वर्षी असे बत्तीस गट होते. हंगामभर गटातले साखळी सामने होतात आणि मार्चमध्ये प्रत्येक गट आपली बाद पद्धतीची स्पर्धा भरवितो. ती जिंकणाऱ्या संघास राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. मग त्याने हंगामभर काय दिवे लावले होते, हे कोणी विचारीत नाही. साखळीत पहिला आलेला संघ शेवटच्या दिवशी हरला, तर हे दार त्याच्यापुरते मिटले.

इंडियाना स्टेटचे असेच झाले होते. साखळीत पहिला क्रमांक. परंतु गटस्पर्धेच्या अंतिम सामन्यात, सेंट लुईस येथे, ड्रेक विद्यापीठाने त्यांस ८४–८० असे हरविले. चार गुणांनी पहिले दार बंद झाले.

दुसरे दार आमंत्रणाचे. उरलेल्या छत्तीस जागा त्या वर्षी बारा जणांच्या निवड समितीने भरावयाच्या होत्या. हे बहुधा गटांचे आयुक्त आणि विद्यापीठांचे क्रीडा-संचालक असतात. आपल्या स्वतःच्या संघाविषयी चर्चा निघाली, की त्या सभासदास खोलीबाहेर जावे लागते. त्यांच्यापुढे प्रत्येक संघाचा ताळेबंद असतो. २०१८-१९ च्या हंगामापासून 'नेट' नावाची एक गणिती क्रमवारी वापरात आली. तिच्या आधाराने प्रत्येक सामना चार वर्गांत मोडतात आणि प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक व खेळाचे ठिकाण असे दोन्ही पाहतात. आपल्या घरी पहिल्या तिसांतील संघास हरविले, तर तो पहिल्या वर्गाचा विजय. त्रयस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतील आणि परक्याच्या घरी पहिल्या पंचाहत्तरांतील संघ असला तरी चालते. परगावी जिंकणे अवघड, हे या गणिताने मान्य केले आहे.

"गणित तर न्यायाचे दिसते," आम्ही म्हणालो.

"गणित न्यायाचे आहे," गृहस्थ म्हणाले, "पण आमच्या क्रीडागृहात खेळायला मोठे संघ येतात कुठे? आले आणि हरले तर त्यांची नाचक्की, जिंकले तर विशेष लाभ नाही. मग आम्ही मोठा विजय मिळवायचा कोणावर?"

इंडियाना स्टेटचा 'नेट' क्रमांक तिसांच्या आत होता. पण पहिल्या वर्गाचे विजय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते.

हा दुसरा दरवाजा पूर्वी इतका रुंद नव्हता. १९३९ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघ होते आठ. पुढे संख्या वाढली, तरी एका गटातून एकच संघ घ्यावयाचा असा दंडक होता. १९७४ साली अटलांटिक किनाऱ्यावरील गटाचा अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलंडविरुद्ध जादा वेळात १०३–१०० असा जिंकला. विजेता संघ पुढे राष्ट्रीय अजिंक्य ठरला. त्याला अखेरपर्यंत झुंजविणारा मेरिलंड घरी बसला. दुसऱ्याच वर्षी, १९७५ मध्ये, संघ बत्तीस झाले आणि एका गटातून दुसराही संघ घेण्याची मुभा मिळाली. १९८५ साली संख्या चौसष्ट झाली आणि २०११ साली अडुसष्ट. २०२४ मध्ये शेवटचे आठ संघ ओहायोतील डेटन गावी आधी चार सामने खेळले आणि त्यांतील विजेते मुख्य स्पर्धेत गेले.

दार कितीही रुंद केले तरी उंबरठ्यावर कोणी ना कोणी उभा राहतोच. २०२४ च्या मार्चमध्ये तर त्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पुन्हा नवल घडविले. आपल्या गटात दहाव्या स्थानी असलेला हा संघ वॉशिंग्टनला पाच दिवसांत पाच सामने जिंकून पहिल्या दाराने आत शिरला. इतर गटांतही असे अनपेक्षित विजेते निघाले. ज्या संघांना त्यांनी हरविले, त्यांतील काहींना समिती दुसऱ्या दाराने घेणारच होती. त्यामुळे आमंत्रणाच्या जागा एकेक करून आटल्या.

रविवारी सहा वाजता दिवाणखान्यात दहा-बारा माणसे जमली. नावे एकामागून एक पडद्यावर येत होती. पहिला विभाग झाला, दुसरा झाला. खोलीतले बोलणे कमी होत गेले. तिसरा झाला. चौथ्या विभागाची शेवटची चौकट भरली, तेव्हा गृहस्थांनी उठून आवाज बंद केला आणि पत्नीस म्हणाले, "कॉफी आण." यापलीकडे कोणी काही बोलले नाही. थोड्याच वेळाने कळले, की थोडक्यात हुकलेल्या पहिल्या चार संघांत इंडियाना स्टेटचे नाव होते.

आम्हांस आमची विद्यार्थिदशा आठवली. फळ्यावर संघाची यादी लागलेली, आपण ती वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचलेली, आणि घरी सायकल हातात धरून चालत आलेलो. पन्नास वर्षे लोटली, पण त्या फळ्यावरचे अक्षर अजून डोळ्यांपुढे आहे.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आम्हांस विद्यापीठाच्या आवारात फिरावयास घेऊन गेले. एका बाकावर बसून त्यांनी निराळीच हकीकत सांगितली. १९४७ साली येथे जॉन वुडन नावाचे प्रशिक्षक होते; हेच पुढे कॅलिफोर्नियात दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणारे विख्यात गुरू. त्या वर्षी संघास कॅन्सस सिटी येथील लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. मात्र कृष्णवर्णीय खेळाडूंस तेथे मज्जाव होता आणि संघात क्लॅरन्स वॉकर हा एक कृष्णवर्णीय तरुण होता. वुडन यांनी आमंत्रण नाकारले. १९४८ साली तो नियम उठला. वॉकर खेळला, संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि लुईव्हिलकडून हरला.

"आत जाता येत असूनही आम्ही एकदा गेलो नव्हतो," गृहस्थ म्हणाले. "ते आठवले, की कालचे थोडे हलके वाटते."

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका जुन्या स्पर्धेचा सामना गावातच झाला. १९३८ साली सुरू झालेली ही 'एनआयटी' स्पर्धा. पहिल्या स्पर्धेत जागा न मिळालेल्यांचा आता हा एक आसरा. आम्ही उभयता निळे रुमाल गळ्यात घालून गेलो. क्रीडागृह दुमदुमत होते. इंडियाना स्टेटने १०१ गुण केले आणि जिंकले. त्या मुलांच्या खेळात रुसवा कुठेही दिसला नाही. पुढे ती अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि तेथे सीटन हॉलकडून ७९–७७ अशी, दोनच गुणांनी हरली. सीटन हॉल हाही त्याच चार हुकलेल्या संघांतला! उंबरठ्याबाहेर राहिलेल्या दोघांनी त्या दिवशी आपापसांत किती तोलामोलाचा खेळ केला, हे समितीतील बारा जणांनी पाहिले असेल काय, कोण जाणे.

निरोप घेताना गृहस्थांनी ती पेन्सिलीने आकडे मांडलेली कागदाची घडी सौभाग्यवतींच्या हाती दिली. इंदूरला परतल्यावर ती आमच्या देवघराच्या फडताळात पंचांगाखाली राहिली आहे. नातू कधी कसल्या यादीत नाव न आल्याने हिरमुसून आला, तर ती काढून दाखवावी, असा आमचा विचार आहे.