आतून सडणारा सायलेन्सर

जुन्या गाडीचा सायलेन्सर बाहेरून गंजतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो जास्त सडतो आतून. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही होते. शेत ते गाव, गाव ते डेअरी एवढ्याच खेपा मारल्या तर सायलेन्सर पुरता तापत नाही, आन् ते पाणी आतच राहतं. आमच्या २००१ च्या मारुती ८०० चं तेच झालं. ट्रॅक्टरगत फटफटायला लागली.

मिस्त्री म्हणाला, "दादा, पत्रा मारून वेल्डिंग करतो, स्वस्तात भागंल." पण वेल्डिंग धरायला मूळचा पत्रा तर पाहिजे ना! स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला.

दुकानात दोन सायलेन्सर होते, दिसायला जुळे भाऊ. दोन्ही हातांवर तोलून बघितले. हलक्याचा पत्रा पातळ होता, म्हणून दोन पैसे जास्त मोजून जड घेतला. गॅस्केट, क्लॅम्प आणि टांगायचे रबरही नवेच घेतले. तिथं काटकसर केली की सांध्यातून धूर निसटतो.

"कन्व्हर्टर काढून सरळ नळी टाकू का? अ‍ॅव्हरेज वाढंल," मिस्त्रीनं विचारलं. नको म्हणालो. विषारी धूर निवळायचं काम त्याचंच. त्यातल्या प्लॅटिनमसारख्या धातूपायी भंगारवाले टपलेलेच असतात.

काटकसर करावी, पण धुराशी नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मागच्या सीटवर नात झोपते. ती झोपलीय का गुंगलीय, हे आरशातून कळत नाही.