चार पांढरे दगड, चार वेगळी उत्तरं!

काचेचा एक तुकडा, खिशातला चाकू, स्वयंपाकघरातलं व्हिनेगर आणि डिजिटल वजनकाटा. एवढ्या सामानावर दगडाला त्याचं नाव विचारता येतं, आणि दगड खरंखरं उत्तर देतो! चाळिशी ओलांडल्यावर मला हा शोध लागला आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी तो सांगत सुटले आहे. आज तुम्ही सापडलात!

सिन्नर तालुक्यात मामांच्या मळ्यात नवी विहीर खणली जात होती. सुरुंगाने फोडलेल्या काळ्या कातळाचा ढीग बांधालगत पडला होता आणि त्यात जागोजागी पांढरं काहीतरी उन्हात लखलखत होतं. "अगं, गारगोट्या आहेत त्या. हव्या तेवढ्या ने," मामा म्हणाले. पिशवी भरून आणल्या, जुन्या टूथब्रशने घासून धुतल्या, वर्तमानपत्रावर वाळत घातल्या आणि भिंग घेऊन बसले. पांढरे सगळेच होते, पण एकाला सहा बाजू आणि वर टोक. दुसऱ्याच्या सगळ्या बाजू तिरप्या. तिसरा पाण्याइतका नितळ आणि नेमका चौकोनी. चौथ्याच्या पातळ पापुद्र्यांचा जुडगा, मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला, हुबेहूब गव्हाची पेंढी! एका विहिरीतून, एकाच कातळातून आलेले हे चौघं एकच कसे असतील?

खनिज ओळखण्याचा पहिला धडा असा की रंगावर भिस्त ठेवायची नाही. कित्येक खनिजं शुद्ध रूपात रंगहीनच असतात आणि एखाद्या मूलद्रव्याचा अंश मिसळला की रंग धरतात. म्हणून रंग बाजूला ठेवून आधी विचारायचं, तू किती कठीण आहेस? फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये यासाठी दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली. सर्वांत मऊ शंखजिरं पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो वरचा, इतका सरळ न्याय! आपलं नख साधारण अडीचवर, साधी काच आणि चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास. म्हणजे मोजपट्टी घरातच आहे. फक्त ओरखडा उठल्यावर ओल्या बोटाने पुसून बघायचं. रेघ पुसली गेली तर ती नुसती भुकटी, राहिली तर खरा ओरखडा.

सहा बाजूंचा टोकदार दगड काचेवर ओढला. कर्रर्र! काच कापली गेली. चाकू त्याच्यावर ओढला तर पात्याच्याच लोखंडाची करडी रेघ उमटली, दगडाला काही झालं नाही. कोपरा फुटलेला होता तिथे सपाट पातळी नव्हती, गोलाकार लाटा होत्या. क्वार्ट्झ! श्रेणीत सातवा. हीच आपली खरी गारगोटी. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून त्यांच्या आत पेटणारा पिवळसर उजेड ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी क्वार्ट्झची एक परीक्षा तेव्हाच घेतलेली आहे. मी त्या रात्री दिवे घालवून पुन्हा घासून पाहिलं. तोच उजेड, तोच जळका वास!

तिरप्या बाजूंच्या दगडावर चाकूचा ओरखडा अगदी सहज उमटला. मग त्याची थोडी भुकटी खरवडली, वर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि भिंगातून पाहिलं. बुडबुडे! बारीक बारीक कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे! म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट. याची आणखी एक खूण आहे. हातोडीने हलकेच ठोकलं की तो वाटेल तसा फुटत नाही. प्रत्येक तुकडा पुन्हा तिरप्या बाजूंचाच, आणि त्याचा तुकडाही तसाच. अणूंची आतली मांडणी अशी डोळ्यांना दिसते! त्यातला एक स्वच्छ तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची सगळी अक्षरं दोन-दोन झाली. कॅल्साइटमध्ये शिरताना प्रकाशाचा किरण दुभंगतो. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलंडच्या कॅल्साइटमध्ये हे पाहून 1669 मध्ये जगाला सांगितलं. तोच चमत्कार मामांच्या विहिरीतल्या दगडात दिसला, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

तिसरा, नितळ चौकोनी, सर्वांत चकवणारा. दिसायला क्वार्ट्झ, पण काचेवर ओरखडा नाही. व्हिनेगरने ढिम्म. त्याच्या उभ्या बाजू काचेसारख्या चकचकीत, तर वरचा सपाट माथा मोत्यासारख्या झळाळीचा. एकाच स्फटिकावर दोन चकाक्या! आता वजनकाटा पुढे आला. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरायचा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. दगडाच्या कोरड्या वजनाला त्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व हाती येतं. समजा दगड 106 ग्रॅमचा आहे. क्वार्ट्झ असेल तर काटा 40 दाखवेल, म्हणजे 2.65. माझ्या दगडाचं उत्तर 2.35 च्या जवळ आलं. अपोफिलाइट! पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचं हे देखणं खनिज. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींमधलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि तो हिरवा रंग देतो व्हॅनेडियमचा अंश. पुण्याच्याच वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट हे गडद निळं खनिज मिळतं, त्याच्या तर घडणीतच व्हॅनेडियम आहे. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ऑरेगनमध्ये, 1967 साली, पण जगातले सर्वांत सुंदर नमुने वाघोलीचे! पुण्यात इतकी वर्षं राहून हे मला आता कळतंय!

आणि चौथी ती पेंढी. चाकूने सहज ओरखडा, पापुद्र्यांवर मोतिया झळाळी, पाण्यातल्या वजनातून 2.2 च्या जवळपास. हलकी! डोळ्यांवर चष्मा लावून तिचा कण परीक्षानळीत तापवला, तर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले. कोरड्या ठणठणीत दगडातून पाणी! हा स्टिल्बाइट, झिओलाइट कुळातला. या कुळाच्या स्फटिकांत सूक्ष्म बोगदे असतात आणि त्यात पाण्याचे रेणू वस्तीला असतात. तापवलं की ते बाहेर पडतात. स्वीडनच्या आक्सेल क्रोन्स्टेट यांनी 1756 मध्ये ही करामत नोंदवली. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रं आठवतात? त्यांच्यात कारखान्यात बनवलेले झिओलाइट असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. तशाच सूक्ष्म बोगद्यांचे दगड आमच्या मामांच्या बांधावर उघड्यावर पडले होते!

नावं कळली आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. काळ्या कातळाच्या पोटात हे पांढरं ऐश्वर्य आलं कुठून? साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकावर एक थर चढत गेले. सह्याद्रीत काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते, आणि आजही हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हातले वायू वर यायला धडपडत असताना तो थिजला आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपलं, त्याने सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून घेतलं आणि या पोकळ्यांत थराथराने सोडलं. म्हणून भिंगाखाली बघताना विचारायचं, कोण कोणावर बसलंय? वरचा तो नंतरचा. माझ्याकडच्या मुठीएवढ्या एका पोकळीत भिंतीला हिरवट अस्तर आहे, त्यावर क्वार्ट्झचे कण, त्यावर स्टिल्बाइट आणि सर्वांत वर कॅल्साइटचा एकुलता स्फटिक. चार पाण्यांचा इतिहास, तळहातावर!

आता मला सगळीकडे तेच दिसतं. गडाच्या पायऱ्यांवरचे, लेण्यांच्या भिंतींवरचे पांढरे ठिपके म्हणजे याच भरलेल्या पोकळ्या. तिथे अर्थात फक्त बघायचं. गड, लेणी, लोणार, अभयारण्यं इथून खडासुद्धा उचलायचा नाही. खाणीत किंवा विहिरीवर मालकाला विचारूनच जायचं, आणि कड्याखाली किंवा सुरुंगाच्या वेळी कधीच उभं राहायचं नाही. आणलेल्या प्रत्येक दगडावर नंबर घालायचा आणि वहीत गाव, जागा, तारीख लिहायची. ठिकाण हरवलं की नमुन्याचं अर्धं मोल गेलं. आणि डोळे दिपवून घ्यायचे असतील तर सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय बघाच. माझ्या चौघांची थोरली भावंडं तिथे दिमाखात उभी आहेत!

सगळी उत्तरं घरी मिळत नाहीत. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट हे तिघे पांढऱ्या सुयांचे झुबके इतके सारखे दिसतात की खात्रीसाठी क्ष-किरण लागतात. माझ्या डबीत असा एक झुबका आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर मी तिन्ही नावं लिहून ठेवली आहेत. महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र विभागाचं दार ठोठावायला ते उत्तम निमित्त आहे.

आणि गेल्या आठवड्यात आणखी एक गंमत झाली. एक जोरदार चुंबक दोऱ्याला टांगून मी त्या काळ्या कातळाजवळ नेलं, तर ते झुकलं! बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण विखुरलेले असतात, त्यांनी ते ओढलं. इतके दिवस पांढऱ्यांना प्रश्न विचारत होते, काळ्याकडे लक्षच नव्हतं. आता त्याची पाळी. मामांना फोन केला आहे, "मामा, ढीग हलवू नका, मी येतेय!"