शून्य किलोमीटर

फिरतीच्या नोकरीत बॅग कधी पूर्ण रिकामी होत नाही. कपडे धुवायला जातात. पण दाढीचं सामान, सेफ्टी शूज आणि पावत्यांचा लिफाफा तिथंच राहतो. रोह्याजवळच्या वरशातले माझे शेजारी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात आणि पाळी संपली की घरी येतात. मीही तिथल्याच एका कारखान्याचा माणूस. आमचा माल टँकरने नाहीतर पिंपांतून पुढं जातो आणि मी त्याच्या मागून जातो. शुद्धता उतरली का, पिंपं गळली का, पैसे कधी येणार, हे विचारत कधी लोट्याला, कधी तारापूरला, कधी वापी-अंकलेश्वरला.

या प्रवासातलं सगळ्यात मोठं अंतर गेटपासून साहेबांच्या टेबलापर्यंतचं. मोबाइल जमा करायचा, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, सुरक्षेची फिल्म पाहायची आणि मग बाकावर बसायचं. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाची भेट कधीकधी दहा मिनिटांत आटोपते. लॉजवरची उशी परकी, ताटातली भाजी गोड. महामार्गाचं दुखणं तर आम्हा सगळ्यांचंच. पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011मध्ये सुरू झालं, तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीत जात होती. ती दहावीला पोचली तरी मी रात्रीच्या एसटीत खड्डे आणि वळणरस्ते मोजत होतो.

पण मनात सलतं ते दुसरंच. दसऱ्यानंतर रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते. एका वर्षी मी त्या वेळी अंकलेश्वरला होतो. बायकोनं गर्दीत फोन उंच धरला. बोलणं काहीच कळत नव्हतं; नुसती वाद्यं आणि माणसांचा कल्लोळ. लॉजच्या जिन्यात उभा राहून मी तो संपेपर्यंत ऐकला.

सुखंही अशीच बारीक, खिशात मावणारी. टपरीवाला न सांगता कमी साखरेचा चहा पुढं करतो. कारखान्यातला एखादा फोरमन आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून देतो. दिव्याहून रोह्याची गाडी पकडली, की पनवेलनंतर स्टेशनांची नावं जपासारखी येतात: आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे. मला हमरापूर आलं की ऋतू कळतो. त्या पट्ट्यात घरोघरी गणपतीचे कारखाने. गाडीत चढलेल्या कारागिरांच्या नखांत माती आहे की रंग, यावरून चतुर्थी किती लांब आहे ते समजतं. थंडीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, चुकली, तर बायको माझ्या वाटणीच्या वालाच्या शेंगा काढून ठेवते. दुसऱ्या दिवशी त्या गार झालेल्या असतात, पण भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास त्यांना सोडून गेलेला नसतो.

दक्षिणेकडून परतताना मात्र मी आकडे मोजतो. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. 26 जानेवारी 1998 रोजी तिचा सगळा मार्ग खुला झाला, आणि तिचे किलोमीटरही रोह्यापासूनच मोजले जातात. चिपळूण सव्वाशेच्या पुढं, रत्नागिरी दोनशेच्या पुढं. म्हणजे त्या रुळांवर मी कुठंही असलो, तरी बाजूचा आकडा मला माझ्या घरापासूनचं अंतर सांगत असतो. लोट्याचं काम उरकून खेडला दिव्याकडच्या गाडीत बसलो, की खिडकीबाहेर ते आकडे एकेक करून उतरू लागतात आणि त्यांच्याबरोबर खांद्यावरचा दिवसही उतरतो.

मुलगी लहान असताना फोनवर विचारायची, “बाबा, किती लांब?” मी खांबावरचा आकडा वाचून दाखवायचो. शंभराच्या पुढचे आकडे ती माझ्या प्रवासावरच शिकली. आता ती कॉलेजात जाते, तरी फोन उचलला की आधी तोच प्रश्न.

“बाबा, किती?”

“तेरा.”

कोलाड आलेलं असतं. पलीकडं स्वयंपाकघरात भांडं वाजतं. चहाचं आधण ठेवलं जात असतं.