शनिवार-रविवारच्या गोळ्या

पहिली गोळी मी चोरली ती एका नऊ वर्षांच्या मुलाची. तो माझा सख्खा भाचा. हे लिहायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकते. बाकीचं मग सोपं जाईल.

त्याला इथे चिकू म्हणू या. चिकूला एडीएचडी आहे. डोकं सॉलिड चालतं, पण लक्ष एका जागी पाच मिनिटं टिकत नाही. वर्गात बाक सोडून फिरणं, डबा विसरणं, बाईंचं वाक्य मध्येच तोडणं, सगळं साग्रसंगीत. दुसरीत असताना डॉक्टरांनी त्याला मिथाइलफेनिडेट सुरू केलं आणि वहिनीच्या भाषेत सांगायचं तर 'घरात पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकू आला.' शाळेच्या दिवशी एक गोळी, शनिवार-रविवारी सुट्टी. ही गोळी कुठल्याही केमिस्टकडे मिळत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवसांच्या उरलेल्या गोळ्या वहिनी फ्रिजवरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात अडीअडचणीला ठेवायची.

आणि मी? सीए. राहायला ठाण्यात दादा-वहिनींकडे, ऑफिस लोअर परळला. सकाळची लोकल, करी रोडला उतरायचं, परत कधी यायचं ते विचारायचं नाही. २०२३चा सप्टेंबर. टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख ३०, आणि त्यात गणपती आले १९ला. घरात मोदक, आरत्या, पाहुणे. मी बेडरूममध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन रडकुंडीला आलेले. ऑफिसातला एक सहकारी मोडाफिनिल घ्यायचा. (मूळ औषध दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरचं. आमच्याकडे त्याचा उपयोग काय, तर रात्रभर एक्सेल शीट!) त्याच्याकडूनच 'अभ्यासाच्या गोळ्या' हा फंडा कळला होता. रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर फ्रिजवर तो डबा. शनिवार-रविवारच्याच तर आहेत. कोणाच्या वाट्याच्या थोड्याच आहेत?

बॉस, खोटं कशाला बोलू? ती रात्र मस्त गेली. डोक्यातली बडबड बंद. व्हाउचर, लेजर, बँकेचं स्टेटमेंट, एकामागून एक. पहाटे पाचला खिडकीबाहेर कावळा ओरडला तेव्हा कळलं, की साडेतीन तास मी फोनसुद्धा बघितला नाही. मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही रसायनं काम झालं की परत शोषली जातात. हे औषध ते शोषणं अडवतं, त्यामुळे ती जास्त वेळ रेंगाळतात. मला हे सगळं पाठ होतं. १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन या केमिस्टने ते तयार केलं, आणि त्याची बायको रिटा टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची म्हणून त्याचं नाव पडलं रिटालिन, ही गोष्ट तर मी पार्टीत सांगायचे. हशा यायचा. पर्समध्ये काय आहे हे कुणाला माहीत नसायचं.

पुढचं सगळं आपण सिनेमात पाहिलेलं असतं, फक्त हिरो गल्लीबोळात सुई टोचत असतो आणि मी एसी ऑफिसात ब्लॅक कॉफी पीत होते. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. डबा पुरेना. मग इंटरनेटवरची एडीएचडीची प्रश्नावली पाठ केली आणि एका डॉक्टरांसमोर जाऊन अभिनय केला. चाव्या विसरते, रांगेत उभं राहवत नाही, वगैरे. चिकू घरात होताच, नक्कल करायला कितीसा वेळ? ते प्रिस्क्रिप्शन संपलं की दुसरे डॉक्टर. हे औषध एनडीपीएस कायद्याखाली येतं, हे मला सीए असून सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी पुढे गेले. रात्री डोळा लागेना म्हणून झोपेची गोळी, ती सकाळी उतरेना म्हणून परत ही. भूक मेली, सात किलो वजन गेलं. ऑफिसात सगळ्या माझ्या मागे, "ए, किती बारीक झालीस! डाएटिशियन कोण गं तुझी?" मी 'रात्री कार्ब्ज बंद' म्हणून सांगायचे.

काम तरी चांगलं होत होतं का? मला हो वाटायचं, हीच तर गंमत. जुलै २०२४मध्ये एका क्लायंटच्या ऑडिटमध्ये २१२ रुपयांचा फरक निघाला. त्यासाठी मी अख्खी रात्र बसले. सापडला तेव्हा वर्ल्ड कप जिंकल्यासारखी ओरडले. आणि त्याच फाइलमध्ये त्या कंपनीचं एक बँक खातं मी संपूर्ण सोडून दिलं होतं. सरांनी ते दाखवलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की कुणीतरी मुद्दाम काढून टाकलंय. त्या दिवसांत मला सगळेच माझ्याविरुद्ध वाटायचे. लोकलच्या लेडीज डब्यात समोरची बाई फोनवर हसली, तर ती मलाच हसतेय याची खात्री.

पुढे कधीतरी मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२३चा प्रयोग वाचला. चाळीस धडधाकट तरुणांना वेगवेगळ्या वेळी हेच औषध, मोडाफिनिल, डेक्सअ‍ॅम्फेटामिन आणि साधी बिनऔषधाची गोळी देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. औषध घेतल्यावर ते जास्त खटपट करत होते, जास्त वेळ देत होते, पण खटपटीचा दर्जा घसरलेला. वाचताना मला ते २१२ रुपये आठवले.

पण हे मी बंद का केलं, त्याचं कारण ऑडिट नाही.

त्याच महिन्यातली एक सकाळ. बिस्किटांचा डबा रिकामा होताच, पण मी चिकूच्या चालू स्ट्रिपमधूनही घ्यायला लागले होते. आठवडाभराच्या गोळ्या कमी पडल्या, केमिस्टकडे स्टॉक नाही, चार दिवस चिकू औषधाविना शाळेत गेला. चौथ्या दिवशी त्याने एका मुलाची वही फाडली आणि शाळेतून फोन आला. वहिनीने स्ट्रिप मोजली. "गोळ्या फेकून देतोस ना तू? खरं सांग!" तो म्हणत राहिला, "मी नाही फेकल्या. आई, शप्पथ, मी नाही." तिने त्याला एक थोबाडीत दिली. वहिनीने त्याच्यावर कधीच हात उचललेला नव्हता.

मी बेसिनपाशी उभी होते, तोंडात टूथब्रश. चूळ भरली आणि अंघोळीला गेले.

तीन दिवसांनी ऑफिसात छाती इतकी धडधडायला लागली की टेबलाला धरून बसले. खालच्या क्लिनिकमध्ये नाडी १३२, ब्लडप्रेशर १६०/१००, ईसीजी. वयस्कर डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "काय घेतेस?" कुणीतरी सरळ विचारलं म्हणून असेल, मी सरळ सांगितलं. त्या संध्याकाळी घरी वहिनीलाही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "मला नंतर. आधी त्याला सांग."

चिकूने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्तू, तुझं पण लक्ष लागत नाही का?"

आमच्या घरी बाबांच्या कपाटात अनिल अवचटांचं 'गर्द' होतं. व्यसन म्हणजे ते, आणि उपचार म्हणजे १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण, एवढंच मला ठाऊक. इस्त्रीचे कपडे घालून लोअर परळला जाणारी मुलगी त्या चित्रात बसत नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांनी ते चित्र पहिल्याच दिवशी पुसलं. त्यांनी सांगितलं, की या व्यसनावर, दारूवर किंवा गर्दवर आहेत तसं ठरलेलं असं एखादं औषध अजून नाही. काय आहे? झोप, जेवण, दर आठवड्याला समुपदेशन, ग्रुप, आणि खोटं बोलायची सवय मोडणं. मला ॲडमिट व्हावं लागलं नाही. पण गोळ्या सुटल्यावर मूड फार खोल जातो, जीव नकोसा होऊ शकतो, म्हणून पहिले दोन आठवडे हिला एकटी सोडू नका, असं दादाला बजावलं. झोपेची गोळीसुद्धा त्यांनी एकदम न तोडता हळूहळू उतरवली.

पहिला आठवडा मी चौदा-चौदा तास झोपले. उठले की खायचे, खाऊन रडायचे. दादा सुट्टी टाकून हॉलमध्ये पेपर वाचत बसायचा, तोच पेपर, दिवसभर. महिन्याभराने ऑफिसला गेले तेव्हा साधा ईमेल लिहायला चाळीस मिनिटं लागली. काहीच चमकदार वाटेना. हे बरेच महिने चाललं. एकदा, डिसेंबरात, मी घसरलेही. सहकाऱ्याकडून एक मोडाफिनिल. ग्रुपमध्ये सांगितलं. समोर एक दारू सोडलेले रिक्षावाले काका होते, ते म्हणाले, "आज खोटं नाही ना बोललीस? मग पुढचा दिवस धर."

(तुमच्यापैकी कुणाच्या पर्समध्ये अशी स्ट्रिप असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. दोन्ही मोफत. आणि ज्यांच्या मुलांना डॉक्टरांनी हे औषध दिलंय, त्यांनी कृपया माझं वाचून ते बंद करू नका. चिकूला त्याचा उपयोग होतो. त्याला ते लागतं, मला लागत नव्हतं, एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.)

वहिनी माझ्याशी बोलते, डबा भरून देते, माझ्या वाढदिवसाला तिने पुरणपोळ्या केल्या. गोळ्या मात्र आता कपाटात कुलपात असतात आणि किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या शेजारी साखळीत. माहेरी जाताना ती अख्खी स्ट्रिप बरोबर नेते. मी किल्लीबद्दल कधी विचारलं नाही.

रोज सकाळी गोळी घेतली की चिकू उरलेल्या मोजतो. कुणी सांगितलेलं नाही, त्याचं त्यानेच सुरू केलं. बेसिनपाशी येतो आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "आत्तू, तेवीस."

मी ब्रश बाजूला काढून म्हणते, "तेवीस."